तीन नंबरखालची जमीन

मे महिन्यात, भर दुपारी, पूनम सागर वसाहतीतल्या भाजीवाल्यांसमोर कोणी गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर घालून कोथिंबिरीचा भाव करताना दिसलं, तर ते सहादेव खिल्लारे आहेत असं खुशाल समजावं. भाजीवाले त्यांना हसतात. मी हसत नाही, कारण तो स्वेटर मी चौदा वर्षं बघतेय आणि त्याच्या आतला माणूस किती दमलाय हे मला ठाऊक आहे.

वरसाव्याजवळ घोडबंदर रोडच्या कडेला, खाडीच्या अंगाला, आमचं कोल्ड स्टोरेज आहे. मी तिथे ऑफिसात बसते, गेटपास लिहिते आणि ड्रायव्हरांशी हुज्जत घालते. वाढले गिरगावात, लग्न होऊन बेव्हर्ली पार्कला आले, आणि ही नोकरी चार दिवसांची आहे असं स्वतःला सांगत चौदा वर्षं काढली. सहादेवभाऊ माझ्याही आधीचे, बावीस वर्षांपूर्वीचे. त्यांची जागा तीन नंबरच्या रूममध्ये. तीन नंबर म्हणजे उणे वीस. आत मटार, आइसक्रीम आणि मासे. माणसाने सलग चाळीस मिनिटांच्या वर आत थांबायचं नाही असा नियम आहे. चाळीस मिनिटं आत, वीस मिनिटं बाहेर, असं दिवसातून आठ वेळा. बाहेर पस्तीस डिग्री आणि खाडीचा घामट वारा. आमच्याकडे नवीन आलेली माणसं या ये-जा करण्यालाच कंटाळून पळतात. सहादेवभाऊ पळाले नाहीत, कारण पळून जायचं कुठे हा प्रश्न त्यांना जालन्याहून इथे येतानाच एकदा पडून गेला होता.

वीस मिनिटांच्या सुट्टीत ते काय करायचे, तर नुकत्याच आलेल्या ट्रकच्या बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून उभे राहायचे. ड्रायव्हरांना सवय झाली होती. उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना त्यांना काही कळत नाही, गरमही नाही आणि गारही नाही. एकदा चहाच्या भांड्याला बोटं चिकटून भाजली, तर वास आल्यावर त्यांना समजलं. हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही आणि मी ते तोंडावर बोलूनही दाखवलं.

आमच्या गेटवर एक लाल प्लास्टिकची खुर्ची आहे. सकाळी आठपासून अकरापर्यंत तिच्यावर ऊन असतं. तिच्यावर आमचे गेटमन बाबाजी बसायचे, आणि बाबाजी जूनमध्ये कायमचे गावी जाणार होते. मालकीणबाई, म्हणजे हंसाबेन, यांनी ती खुर्ची सहादेवभाऊंना कबूल केली होती. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की आता थंडीत काम नको, छातीला सोसणार नाही. माणसं म्हातारपणी घर मागतात, तीर्थयात्रा मागतात. या माणसाने तीन तासांचं ऊन मागितलं होतं. बाबाजी जेवायला गेले की ते जाता जाता त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचे, हे मी माझ्या खिडकीतून कितीदा पाहिलंय.

आणि मग तीन नंबरची जमीन वर आली.

एका दिवसात आली असती तर कोणी काही म्हटलं असतं. ती वर्षानुवर्षं येत होती. आधी दरवाजा खाली घासायला लागला, तो सुताराकडून तासून घेतला. मग मधल्या रांगेतले रॅक एका बाजूला कलले, त्यांच्या पायाखाली लोखंडी पट्ट्या सारल्या. फोर्कलिफ्ट मधून जाताना पोट घासायची. मार्चमध्ये बघितलं तर रूमच्या मध्यावर फरशी चांगली वीतभर फुगली होती आणि तिला लांब भेग गेली होती. त्याच आठवड्यात एक रॅक आडवा झाला आणि आइसक्रीमचे खोके खाली आले. नशिबाने आत कोणी नव्हतं. त्या रांगेत शेवटची फोर्कलिफ्ट चालवली होती लोकेशने.

लोकेश पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप, काशीमिऱ्याला भाड्याने राहणारा. गाडी जरा जोरात हाणतो, हे खरं. पण गाडी हाणून कोणी जमीन वर काढत नाही. हंसाबेनना हे कोण सांगणार? त्यांनी एक ठेकेदार बोलावला. त्याने फरशीवर पाय आपटून पाहिला आणि सांगितलं की गाडीच्या दणक्यांनी काँक्रीट फुटलंय, फुगवटा फोडून नवीन ओतू. लोकेशला महिन्याची नोटीस द्यायची ठरली. ती नोटीस मीच टाइप केली. दोनदा चुकले, दोनदा पुन्हा टाइप केली, पण केली.

आता संघप्रियाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. संघप्रिया ही सहादेवभाऊंची मुलगी, सत्तावीस वर्षांची, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी. दोनदा थोडक्यात राहिली, तिसऱ्यांदा बसणार होती. तिची अभ्यासाची एक पद्धत आहे. जे वाचलं ते ती बापाला समजावून सांगते. बाबांना कळलं म्हणजे मला येतं, असं ती म्हणते. सहादेवभाऊ साडेतीनला घरी येतात, पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडतात, आणि ती समोर बसून राज्यघटना, पंचवार्षिक योजना, नद्यांची खोरी असं काय काय सांगत राहते. ते बहुतेक वेळा झोपतात. तिलाही ते माहीत आहे, तरी ती सांगते. इंदूबाई, म्हणजे तिची आई, म्हणतात की या घरात मुलगी बापाच्या नावाने अभ्यास करते आणि बाप मुलीच्या नावाने झोपतो.

एप्रिलमध्ये एका दुपारी तिने उत्तर ध्रुवाकडचा टुंड्रा काढला.

त्या दिवशी सहादेवभाऊ झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सगळं मला जसंच्या तसं सांगितलं, म्हणून मलाही आता पाठ झालंय. तिकडे झाड नाही. झाडाला मूळ खाली न्यायला जागाच नाही, कारण जमीन खाली कायमची गोठलेली. विलो नावाचं झाड आहे म्हणे, पण ते वीतभर उंचीचं, जमिनीला धरून आडवं वाढतं, वाऱ्यापासून लपून. पाऊस आणि बर्फ मिळून वाळवंटाइतकाच. उन्हाळा आठ-दहा आठवड्यांचा, त्यात फक्त वरचा हातभर थर सुटतो आणि पाण्याला खाली मुरायला वाट नाही म्हणून सगळीकडे डबकी आणि डासांचे ढग. रेनडिअर शेवाळासारखं काहीतरी खातात, ते आपल्या दगडफुलाच्याच जातीचं. हे ऐकून इंदूबाई आतून म्हणाल्या की मग त्यांना काळा मसाला आयता मिळाला. सहादेवभाऊ हसले, बादलीतलं पाणी निवत आलं होतं, आणि संघप्रियाने पुढचं वाक्य वाचलं.

तिकडची घरं खांबांवर बांधतात, जमिनीपासून उंच. त्यांनी विचारलं, कशाला?

"खालून वारा खेळायला पाहिजे, बाबा," ती म्हणाली. "घराची ऊब जमिनीत उतरली तर बर्फ सुटतो आणि घर खचतं. आणि ओली माती गोठली की उलटं, ती फुगते, खांबसुद्धा वर उचलते."

सहादेवभाऊंनी बादलीतून पाय बाहेर काढले. तिला म्हणाले, परत वाच. तिने परत वाचलं. मग म्हणाले, हेच उलटं कर. घर गार असेल आणि जमीन गरम, तर? ती म्हणाली, मग खालून वारा जाऊ द्यायचा, नाहीतर घराची थंडी जमिनीत उतरेल. तिने ते परीक्षेचं उदाहरण समजून सांगितलं, आणि बापाने प्रश्न विचारला म्हणून तिला बरं वाटलं. बाप भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला होता.

त्या घड्याळाची गोष्ट अशी. आमच्या तीन नंबरच्या मागच्या भिंतीला, जमिनीलगत, एका ओळीत अकरा पाइपांची तोंडं होती. ती फरशीच्या खालून आरपार पलीकडे निघायची. कशासाठी, हे बांधणाऱ्याला माहीत असेल. तो केव्हाच निघून गेला होता. एकोणीस वर्षांपूर्वी खाडीचं पाणी चढलं, आणि ते उतरल्यावर त्या पाइपांतून घुशी यायला लागल्या. घुशी आल्या म्हणून साप आले. हमाल आत जाईनात. तेव्हा सहादेवभाऊंनी एका रविवारी, कोणी न सांगता, गोणपाटाचे बोळे करून दोन्ही बाजूंची मिळून बावीसच्या बावीस तोंडं ठासली, वरून सिमेंट लावलं आणि चुना मारला. घुशी गेल्या. त्या वेळचे शेठ, म्हणजे हंसाबेनचे यजमान, इतके खूश झाले की दिवाळीला सगळ्या कामगारांसमोर त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. दरवर्षी दिवाळीत त्या भिंतीला चुना लागत गेला. पुढे तिथे मोडक्या खोक्यांचा ढीग पडला, वेली चढल्या, शेठ वारले, आणि तिथे पाइप होते हे एका माणसाखेरीज कोणाला आठवेना.

तो माणूस दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत छिन्नी घेऊन मागे गेला. एक तोंड फोडलं, लोखंडी सळई आत घातली आणि हातोडा मारून पाइपच्या फुटलेल्या बुडातून खालच्या मातीत घुसवली. मग माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. हातात वर्तमानपत्राचा कागद होता आणि कागदावर मातीचं ढेकूळ. आपली खाडीची काळीकुट्ट माती, पण दगडासारखी टणक, आणि तिच्यात चिरोट्याच्या पदरांसारख्या बर्फाच्या पांढऱ्या रेघा. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. मी बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"ही आपल्या पायाखालची जमीन आहे, मॅडम," ते म्हणाले. "मी गोठवली."

मी दरवाजा लावून घेतला. त्यांनी सगळं सांगितलं, टुंड्रापासून घुशींपर्यंत, आणि सांगता सांगता ते ढेकूळ कागदावर सैल पडलं. आधी रेघा गेल्या, मग कडा खचल्या, आणि शेवटी माझ्या गेटपासच्या वहीखाली खाडीच्या वासाचं थोडं पाणी आणि चिखल उरला. मी फडक्याने पुसला. पुसताना मी त्यांना जे सांगितलं त्याची मला आजही लाज वाटते, पण लपवणार नाही. मी म्हटलं, भाऊ, गप्प बसा. बाबाजी जूनमध्ये जातायत. ठेकेदाराला फोडू दे फरशी, ओतू दे नवीन. परत फुगायला पाच-सहा वर्षं लागतील. तोवर तुम्ही तिथे नसाल आणि कदाचित मीही नसेन. एवढी वर्षं थंडीत काढलीत, आता तोंडाशी आलेली खुर्ची का घालवता?

ते म्हणाले, आणि लोकेश?

मी म्हटलं, लोकेश तरुण आहे, त्याला दुसरीकडे लागेल. हे बोलताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. थकलेला माणूस रागावतही नाही, हे मला त्या दिवशी कळलं; रागवायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. ते फक्त कागदाची घडी करत राहिले आणि म्हणाले, बघतो.

दोन दिवस त्यांनी खरंच बघितलं. नेहमीसारखे आत गेले, बाहेर आले, ट्रकच्या बॉनेटवर हात टेकले. मला वाटलं, ऐकलं माझं. मनातून बरंही वाटलं आणि ते बरं वाटणं मला आवडलं नाही. तिसऱ्या दिवशी लोकेश ऑफिसात नोटिशीवर सही करायला आला. पेन हातात घेऊन त्याने मला विचारलं की मॅडम, मैंने सच में किया क्या ये? त्याला स्वतःलाच पटायला लागलं होतं की आपणच काहीतरी फोडलं. मी काही बोलायच्या आत दारात सहादेवभाऊ दिसले. हातात कापडी पिशवी होती. त्यांनी लोकेशला सही करू नको म्हटलं आणि सरळ हंसाबेनच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच राहिलं.

हंसाबेनना त्यांनी उभ्यानेच सांगितलं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. टुंड्रा वगैरे काही नाही, सरळ सांगितलं की खालून वारा जायला पाइप होते, ते मी बुजवले, म्हणून थंडी जमिनीत उतरली, माती गोठून फुगली. फरशी फोडून उपयोग नाही. लोकेशचा काही दोष नाही. मग पिशवीतून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. ते चालू होतं.

हंसाबेननी ते घड्याळ स्वतःकडे ओढलं. त्यावर सहादेवभाऊंचं नाव होतं, शेठनी स्वतःच्या हाताने पांढऱ्या रंगाने लिहिलेलं.

"इसके लिए दिया था ना ये?" त्यांनी विचारलं. "पाइप बंद किया इसलिए?"

"हां, बेन."

"तो शेठ ने भी गलत किया. सिर्फ तुमने नहीं." एवढं बोलून त्यांनी घड्याळ त्यांच्याकडे परत सरकवलं. मला वाटलं आता सगळं नीट होईल. पण हंसाबेन धंदा चालवतात, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. तीन नंबर रिकामी करावी लागणार, किती महिने बंद ठेवावी लागणार, कोणाकोणाला माल दुसरीकडे न्यायला सांगायचं, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक दिसलं. त्या म्हणाल्या की ज्याच्या एवढी मोठी गोष्ट एकोणीस वर्षं ध्यानात आली नाही त्याला मी गेटवर कशी बसवू, गेटवर तर सगळंच ध्यानात यावं लागतं. आवाज चढवला नाही. सहादेवभाऊ बरोबर आहे म्हणाले. मला उठून काहीतरी बोलायचं होतं. मी माझ्या खुर्चीतच बसून राहिले, नोटीस फाडली आणि तुकडे टोपलीत टाकले.

या वेळी खरा इंजिनिअर आला. त्याने पाइपांची तोंडं उघडायला लावली, आत हवा ढकलायला पंखे बसवले आणि बजावलं की घाई करायची नाही. जमीन सावकाश सुटली पाहिजे, नाहीतर एकीकडे खचेल आणि भिंतीला तडे जातील. रोज सळई घालून बघायचं की गोठलेलं कुठपर्यंत आहे. हे कोण करणार? हंसाबेन म्हणाल्या की ज्याने बुजवले तोच. बाबाजी गावी गेले आणि लाल खुर्चीवर एक नंबरमधले दाजी आले. सहादेवभाऊ मागच्या भिंतीशी, एका उलट्या माशांच्या क्रेटवर, आता संध्याकाळी पाचपर्यंत.

लोकेशची नोकरी राहिली. तो मात्र तेव्हापासून सहादेवभाऊंशी बोलेनासा झाला. त्याचंही खरं होतं. नोटिशीचा कागद हातात येईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. कोणी सांगितलं ते मला माहीत आहे. मीच सांगितलं, पण त्यात माझा सल्ला होता हेही सांगितलं, आणि मग तो माझ्याशीही बोलेना.

संघप्रियाला यातलं काही सांगायचं नाही असं सहादेवभाऊंनी मला बजावलं होतं. परीक्षा जवळ आहे, म्हणाले, तिला वाटेल तिच्या वाचण्याने झालं. घरी जाऊन ते आता तिलाच शिकवतात म्हणे. सळई रोज किती आत जाते, माती आधी कुठे सुटते, वरचा थर सुटला की पाणी वर कसं साचतं. एवढं सगळं तुम्हाला कुठून कळलं, असं ती विचारते. ते म्हणतात, तूच शिकवलंस.

काल मी दुपारी चहा घेऊन मागे गेले. पश्चिमेची भिंत, चारचं ऊन अगदी समोरून. तिथे सहादेवभाऊ लाल खुर्चीवर बसले होते. मी बघतच राहिले. ते म्हणाले, लोकेश रोज तीनला गेटवरून उचलून आणतो आणि पाचला परत नेऊन ठेवतो. दाजी काही म्हणत नाहीत. लोकेश अजून बोलत नाही, नुसती खुर्ची ठेवतो आणि जातो. म्हणजे खुर्ची मिळाली होती, ऊनही मिळालं होतं, पहिल्यापेक्षा कडक. पण त्यांच्या पोटऱ्यांशी अकरा पाइपांची तोंडं उघडी होती आणि त्यांतून एकोणीस वर्षांची थंडी बाहेर येत होती. मी वाकून एका तोंडाशी हात धरला. बोटं बधिर झाली. मग स्वेटरकडे बघितलं. त्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती.

मी विचारलं, अजून किती दिवस?

"वरचं हातभर सुटलंय, मॅडम," ते म्हणाले. "खालचं आहे तसंच आहे. माझी नोकरी आधी संपेल."

मी त्यांच्या हातात चहा दिला. त्यांनी तो प्यायला नाही. दोन्ही तळव्यांत धरला आणि निवेपर्यंत तसाच धरून ठेवला.